खालच्या सुरातलं गाणं

चष्म्याच्या दुकानातल्या काकूंचे नेम बरेच होते आणि सगळे बिनबोभाट चालायचे. सकाळी डोळे उघडले की पाय जमिनीला टेकवण्याआधी देवाचे आभार मानायचे. हात कामात असले की ओठांत प्रार्थना चालू ठेवायची. आठवड्यातून एक दिवस गोड खायचं नाही, आणि नेमकं त्याच दिवशी कुणी गोड आणलं तर कपाळाला आठी घालायची नाही. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड होता. पण सगळ्यांत जुना नेम नवऱ्याबद्दलचा. लग्न होऊन या घरात आल्या त्याच आठवड्यात त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की ह्यांची तक्रार तिसऱ्या माणसाच्या कानावर घालायची नाही. आईच्या नाही, बहिणीच्या नाही, पुढे मुलाच्याही नाही. काय असेल ते ह्यांनाच सांगायचं, नाहीतर देवाला.

सुरुवातीला नेम पाळायला सोपा होता, कारण काका ऐकून घेणारे होते. हातातलं भिंग खाली ठेवून ऐकायचे. मग कधीतरी, केव्हापासून ते काकूंनाही सांगता आलं नसतं, त्यांचं ऐकणं आटत गेलं. काकू काही बोलल्या की "हं". पुन्हा बोलल्या की "चालेल". तिसऱ्यांदा बोलल्या तर नुसती मान. भांडण नाही, आवाज चढणं नाही, काही नाही. एका घरात, एका दुकानात, एका ताटाशेजारच्या दुसऱ्या ताटावर बसून माणूस किती लांब जाऊ शकतं, ते काकूंना दिसत होतं. आणि नेम असल्यामुळे सगळी गाऱ्हाणी देवाकडेच जात होती.

शेवटी त्यांनी ठरवलं. नदीपलीकडच्या गावात धाकटी बहीण एकटी राहत होती, तिच्या घरात एक खोली रिकामी होती. "म्हातारपणी दोघी बहिणी एकत्र राहू, मजा येईल," एवढंच त्यांनी धाकटीला सांगितलं. मुलाला आणि सुनेला सांगितलं, थोडे दिवस जाऊन येते. काकांना मात्र खरं ते सांगितलं. काका चाकाशी बसले होते, काकू मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी धाकटीकडे जाते आहे. राहायलाच. गुरुवारी." काका म्हणाले, "हं." रात्री ताट वाढताना पुन्हा म्हणाल्या, "मी गेले तर तुमचं चालेल ना?" काकांनी भाताकडे बघत सांगितलं, "चालेल, चालेल."

काकूंनी पिशवी भरून पलंगाखाली सारली. राग नव्हता. राग यायला समोरच्यानं निदान नाही म्हणावं लागतं.

दुकान तसं चिंचोळंच होतं. रस्त्याच्या बाजूला काउंटर, तिथे काकू. मधे खुर्ची आणि तिच्यासमोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली मुंगीएवढी. सगळ्यांत मागे भिंतीकडे तोंड करून काकांचं बाक आणि त्यावर काच घासायचं चाक. त्या चाकावर भिंगाची कड धरली की अशी काही किंचाळी निघायची की नवीन गिऱ्हाईक दचकून उभं राही. काकांना त्याचं काहीच वाटायचं नाही. त्यांचा जन्म त्या आवाजात गेला होता. काम बोलण्यावाचून होत असे. काकू फ्रेम आणि नंबराची चिठ्ठी एका ट्रेमध्ये घालून मागे सरकवत, काका भिंगं बसवून ट्रे पुढे सरकवत. नंबर काढायची वेळ आली की काका मधल्या खुर्चीसमोर येत, गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची जाड फ्रेम ठेवत आणि एकामागून एक भिंग घालत विचारत, "पहिलं स्पष्ट की दुसरं?" कुणी भराभर खालची ओळ वाचली की ते तिथेच अडवत. "पाठ असलेलं सांगू नका. अंदाजानं सांगू नका. दिसतं तेवढंच सांगा. मला फसवलंत तर तुम्हीच उद्या पायरी चुकाल."

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शेजारचा सलूनवाला चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला आला होता आणि चहा येईल या खात्रीनं बसून राहिला होता; तो आलाही. त्याच्या चष्म्याचा स्क्रू दर दोन-चार दिवसांनी चहाच्या वेळेलाच ढिला व्हायचा. इतक्यात सूनबाई आली. ती तलावावर पोरांना पोहायला शिकवायची. पाण्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला ओरडायची सवय, त्यामुळे घरातही ती "मीठ द्या" म्हणाली तरी पलीकडच्या सलूनमधलं गिऱ्हाईक मान वर करी.

"आई, बाबा, एक गंमत ऐकवते," ती म्हणाली आणि तिनं मोबाइल काउंटरवर ठेवला. "तुमच्या वेळचं गाणं आहे ना, 'निघते मी'? कुणीतरी नव्यानं गायलंय."

'निघते मी' म्हटल्यावर काकूंचे हात थांबले. त्यांच्या तरुणपणी हे गाणं प्रत्येक खिडकीतून ऐकू यायचं. पातळ, उंच, चांदीच्या तारेसारखा आवाज, आणि खाली घोड्याच्या टापांसारखा ठेका. दुकान नवीन होतं तेव्हा काका चाकाशी बसून त्याची शीळ घालायचे. बऱ्याच वर्षांत घातली नव्हती.

सूनबाईनं नवं गाणं लावलं. आधी एक गिटार आली, ती चालतच नव्हती, पाय ओढत होती. मग माउथ ऑर्गन, लांबून येणारा. आणि मग एका बाईचा आवाज, पण काय आवाज. जाड, खरबरीत, पोटातून निघालेला. एकेक शब्द ती उचलायची, तोलायची आणि मग खाली ठेवायची.

"निघते मी... दार तेवढं... लोटून घे..."

सलूनवाल्यानं बशी खाली ठेवली. "हिची दाढ दुखतेय का?"

"याला ब्लूज म्हणतात," सूनबाई म्हणाली. "असंच गातात. दुःख अंगावर न घेता बाजूला बसवून त्याच्याशी बोलल्यासारखं."

"बाजूला बसवा नाहीतर मांडीवर घ्या, मूळ गाण्याची सर नाही. त्या गाण्यावर मी पोरांचे केस कापलेत. ठेक्यावर कात्री चालायची. यावर कापायला बसलो तर गिऱ्हाईक झोपेल आणि माझ्या हातून कान जाईल."

काकूंनाही ते आवडलं नव्हतं. चांगलं हसतंखेळतं गाणं, त्याला धरून आजारी पाडलं, असं त्यांना वाटलं. पण कुणी मेहनत केली असेल, आपण कशाला नावं ठेवा.

तेवढ्यात मागे चाक थांबलं. काका उठून पुढे आले, ओले हात फडक्याला पुसत. मोबाइलजवळ वाकले. बाई गातच होती, "दिवा नको मालवू, माझं पाऊल तेवढं उंबऱ्याबाहेर पडू दे..."

"ही निघून चाललीय की," काका म्हणाले.

"कोण?"

"ही बाई. घर सोडून चाललीय. मी आजवर समजत होतो हिचं लग्न आहे."

सगळे हसले. सलूनवाला म्हणाला, "अहो काका, शब्द तेच आहेत. जुन्यातही ती निघूनच जाते. फक्त नाचत जाते."

"जुनं लाव बरं," काका सुनेला म्हणाले.

तिनं जुनं लावलं. टापा सुरू झाल्या, आणि त्यांच्यावर तो तारेसारखा आवाज. काकूंच्या अंगावर शहारा आला, आनंदाचा. सलूनवाला मांडीवर ठेका धरून पुटपुटायला लागला. काका वाकून वाट बघत राहिले. पहिलं कडवं संपलं.

"गाणं कधी सुरू होणार?" त्यांनी विचारलं.

"घ्या," सलूनवाला म्हणाला. "अर्धं संपलं. काका, तुम्ही आता नव्या पोरांच्या बाजूला गेलात वाटतं. आमच्या बाईंचा एवढा अपमान नका करू."

"अपमान कसला? नुसता ढोल वाजतोय. वाट बघतोय मी."

सलूनवाला पुन्हा हसला. काकूही हसल्या असत्या, पण काकांचा चेहरा थट्टेचा नव्हता. भिंगाला चरा गेलाय का ते उजेडात धरून बघताना त्यांचा जो चेहरा व्हायचा, तो होता. आणि सूनबाईही हसत नव्हती. पाण्यात पोरगं बुडी मारून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वर आलं नाही की ती जशी बघत असेल, तशी सासऱ्याकडे बघत होती.

"बाबा, खुर्चीत बसा."

"मी?"

"बसा ना. आज तुमचा नंबर काढते."

काका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. तिथून दुकान कसं दिसतं ते त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण ते तक्त्याकडे जरा बावरून बघायला लागले. सूनबाईनं त्यांना डोळे मिटायला सांगितले. म्हणाली, "मी एक तुकडा याचा लावते, एक त्याचा. आठवणीतलं सांगायचं नाही. अंदाजानं सांगायचं नाही. ऐकू येतं तेवढंच सांगा. पहिलं स्पष्ट की दुसरं?"

तिनं जुन्यातला तुकडा लावला, मग तोच शब्द नव्यातला.

"दुसरं," काका म्हणाले.

"आता?"

"दुसरंच."

"पहिल्यात काय ऐकू आलं?"

"ढोल."

"आणि बाई?"

"कोण बाई?"

सलूनवाल्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसतं आत काही उरलं नाही. सूनबाईनं आवाज वाढवला, मोबाइल त्यांच्या कानाशी नेला. काका म्हणाले, "हां, आता काहीतरी आहे. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. गाणं आहे ते?"

काकू काउंटरपाशी उभ्या होत्या, खुर्चीच्या मागे, रोज असायच्या तिथेच. त्यांच्या मनात एकेक गोष्ट आपली जागा शोधत बसायला लागली. ह्यांना फोन उचलायचा कंटाळा, असं सगळे म्हणत. दुकानात लहान मूल आलं की हे त्याच्याशी बोलत नाहीत, मुलं आवडत नाहीत ह्यांना. कुकरची शिट्टी मोजायला सांगितली की नेहमी विसरतात. मुलाचा आवाज भारी, सुनेचा तलावाएवढा, सलूनवाल्याचा तर विचारायलाच नको. गिऱ्हाईक समोर हातभर अंतरावर बसतं. आणि आपला आवाज? पातळ, उंच. आई म्हणायची, या पोरीच्या गळ्यात सुई आहे.

"अहो," काकू म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात.

काका हलले नाहीत.

"अहो, चहा टाकू का अजून?"

काका डोळे मिटून पुढच्या तुकड्याची वाट बघत बसले होते. सूनबाईनं काकूंकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं काकूंना दिसलं.

काकूंनी पदर सारखा केला. त्या नव्या बाईनं शब्द जिथून काढले होते ती जागा त्यांनी स्वतःच्या पोटात शोधली. असा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता, त्यांना लाजही वाटली. पण काढला. जाड, खाली, सावकाश.

"अहो."

काकांनी डोळे उघडले आणि खुर्चीतच वळले. "काय गं? घसा बसलाय का तुझा?"

सलूनवाला उठला. चष्मा डोळ्यांवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "म्हणजे काका, माझं सगळं ऐकू येतं तुम्हाला?"

"तुझं नको तेवढं ऐकू येतं."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि स्क्रू तसाच ढिला ठेवून गेला. सूनबाईनं सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, उद्या सकाळी आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, आणि मोबाइल काउंटरवर विसरून तीही गेली. विसरली की ठेवला, देव जाणे.

दुकानात दोघंच राहिली. काकूंनी काउंटरमागचं स्टूल उचललं आणि मागे नेलं. काका बाकाशी जाऊन बसले होते, पण चाक बंद होतं. काकूंनी स्टूल त्यांच्या आणि भिंतीच्या मधे, अगदी समोर ठेवलं. गुडघ्याला गुडघा लागला. मग त्या आवाज खाली नेऊन बोलल्या.

"मी परवा जाणार होते."

"कुठे?"

"धाकटीकडे. कायमची. तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हं म्हणालात."

काकांच्या हातात एक भिंग होतं. ते त्यांनी फडक्यावर ठेवलं, मग फडक्याची घडी केली, मग पुन्हा उघडली. "कधी म्हणालो?"

"इथेच. आणि जेवताना विचारलं, तुमचं चालेल ना. चालेल म्हणालात. दोनदा."

"मी भाजीत मीठ चालेल का असं समजलो असेन." ते थांबले. "नाही. खरं सांगतो. मी काहीच समजलो नव्हतो. तू काही म्हणालीस असं वाटलं की मी हं म्हणतो. बरेच दिवस."

"अंदाजानं."

"अंदाजानं," काका म्हणाले.

काकूंना वाटलं होतं की आता रडू येईल. आलं नाही. विचारायचं होतं ते विचारून घेतलं. "मग एकदा तरी मला म्हणायचंत, नीट बोल, ऐकू येत नाही. मी मागे उभी राहून इतकी वर्षं बोलते आहे."

काकांनी त्यांच्याकडे अशा आश्चर्यानं पाहिलं, की जणू उत्तर सगळ्यांना ठाऊक असायला हवं होतं. "मला वाटायचं तू प्रार्थना करतेस."

"काय?"

"तुझे ओठ हलताना दिसायचे. आवाज नाही. मी वळून बघायचो, तू ट्रे लावतेयस आणि ओठ हलतायत. म्हटलं देवाशी चाललंय हिचं. आपण मधे कशाला बोला. दरवर्षी तुझी प्रार्थना वाढत चालली होती. पुढे पुढे तर दिवसभर. मला वाटलं हिला आता माणसात गोडी राहिली नाही. एवढ्या चांगल्या कामात असलेल्या बाईला चहा मागायचाही संकोच वाटायचा."

काकूंना एकदम हसू आलं, आणि हसता हसताच ते रडूही आलं. त्या देवापाशी ह्यांचं गाऱ्हाणं गात होत्या, आणि हे त्यांच्या देवाला जागा करून देत बाजूला बसले होते. दोघंही आपापल्या ठिकाणी इतके शहाण्यासारखे वागले होते की घर बुडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. त्यांनी एकदा जरी नेम मोडून सुनेपाशी कुरकुर केली असती, की बाई गं, तुझा सासरा माझं ऐकतच नाही, तर त्या पोरीनं दुसऱ्या दिवशी ह्यांना खुर्चीत बसवलं असतं.

"आणि स्वयंपाकघर पिवळं करू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा?"

काका गोंधळले. "ते तू मला विचारून केलंस?"

"हो तर. तुम्ही चालेल म्हणालात."

"मी दोन वर्षं विचार करतोय की हिनं मला न विचारता एवढं पिवळं का केलं असेल. म्हटलं असेल काही नेम."

काकूंनी डोळे पुसले. पिवळा रंग त्यांनाही आता डोळ्यांवर यायचा, पण ह्यांनी हो म्हटलंय म्हणून त्या गप्प होत्या.

"जाऊ नको," काका म्हणाले. भिंगाकडे बघत नव्हे, त्यांच्याकडे बघत. "मला ऐकू येत नव्हतं म्हणून नव्हे. ते उद्या कानात काहीतरी बसवतील आणि येईल. तरी जाऊ नको."

काकूंनी आवाज आणखी खाली नेला, घसा खरंच दुखायला लागला होता. "नाही जात."

संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी आभार मानायला हात जोडले आणि जरा अडखळल्या, कारण कुणाचे आधी मानावेत ते कळेना. सुनेचे मानले, तिच्या त्या तलावाएवढ्या गळ्याचे. सलूनवाल्याचे मानले, तो चहाला टिकून बसला म्हणून. मग त्या न पाहिलेल्या बाईचे, जिनं एवढं चांगलं गाणं मोडून खाली आणलं, जिथे एका म्हाताऱ्या माणसाचा हात पोचेल. दुपारी आपल्याला ते आवडलं नव्हतं, हेही त्यांनी देवाला प्रामाणिकपणे सांगितलं. आणि जुनंच जास्त चांगलं आहे असं अजून वाटतं, तेही सांगितलं.

मग त्यांनी धाकटीला फोन लावला, गुरुवारी येत नाही म्हणून. काका जवळ येऊन बसले. फोन मोठ्या आवाजावर ठेवला, पण धाकटीचा आवाज म्हणजे काकूंच्या आवाजाची सख्खी बहीणच, सुईहून सुई. काकांनी कान नेला, मान हलवली, काही नाही. मग काकूंनी जुना नेम मोडून तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही हातचं न ठेवता.

पलीकडे धाकटीचा बांध फुटला. ती बोलत सुटली. काका काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले.

ती थांबल्यावर काकूंनी खालच्या आवाजात सांगितलं, "ती म्हणते, तब्येतीला जपा."

काकांनी फोनकडे बोट केलं. "अगं, ती एवढा वेळ बोलत होती. इतकंच?"

"सारांश सांगितला."

"सारांश नको. सगळं सांग."

"तुम्हाला लागेल."

"लागू दे. बऱ्याच दिवसांत कुणी मला काही लागेल असं बोललं नाही."

मग काकूंनी स्टूल ओढून घेतलं, समोर बसल्या, आणि धाकटीनं केलेला उद्धार शब्द न् शब्द, सावकाश, पोटातून काढून त्यांना ऐकवायला सुरुवात केली. मधे मधे काका म्हणत, "बरोबर आहे." एकदा म्हणाले, "हे मात्र जास्त झालं." ते काकूंनी फोनमध्ये सांगितलं, पलीकडून उत्तर आलं, तेही त्यांनी ऐकवलं. चहा निवून गेला.